बोटीवर आलेला येसुराचा वास

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी हसण्यासाठी वाचते. पिंपळाखालची बाई, मागून येणारी हाक, रिकाम्या घरातली पावलं... नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवते आणि दोघं हसतो. शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी चौदा वर्षं क्वालिटीत आहे. गाड्यांचे बारके पार्ट मापात आहेत की नाहीत ते बघायचं आणि नसतील तर बाजूला काढायचे, हे माझं काम. जे मोजता येत नाही त्यावर मी सही करत नाही. नवरा म्हणतो, पोळीलाही मायक्रोमीटर लावत जा. तेव्हा आज माझ्यावर कुणी हसलं तर माझी तक्रार नाही. घडलं ते वेळेसकट लिहिते, कारण वेळ माझ्या फोनमध्ये आहे.

गोष्ट माझ्या वडिलांची आहे. खरं म्हणजे माझ्या वहिनीची आहे, पण सुरुवात वडिलांपासून करावी लागेल.

आम्ही करमाडचे. मी लग्नानंतर मुकुंदवाडीत राहते, पण अण्णा, भाऊ आणि वहिनी गावीच. अण्णा पंगतींचे आचारी. लग्न असो, साखरपुडा असो, वास्तुशांत असो, आमच्या पंचक्रोशीत चाळीस वर्षं मोठ्या भट्टीपुढे अण्णाच. आणि आमच्याकडच्या पंगतीत बाकी काही कमी पडलेलं चालतं, येसुराची आमटी मात्र लागतेच. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते — धान्य, डाळ आणि मसाले खमंग भाजून दळले की येसूर होतं. ते आधी गार पाण्यात कालवायचं आणि मग उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायचं. सुकं टाकलं की ते गोळे होऊन बुडाशी बसतं आणि करपतं. आमच्या घरात हे शाळेच्या आधी शिकवतात.

अण्णांचा एक नेम आहे. नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्न चाखायचं नाही. मग मीठ-तिखट कसं कळायचं? वाफेवर. झाकण जरा सारायचं, ओंजळीनं वाफ नाकाकडे ओढायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "मीठ अजून एक मूठ." कधी चुकलं नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांना मिठाचा वास येतो.

करोनाच्या साथीत अण्णांना ताप आला. ताप गेला, आणि जाताना नाक घेऊन गेला. जिभेला खारट-आंबट कळायचं, पण वास म्हणून काही नाही. डॉक्टर झाले, वाफारे झाले, ओवा झाला, कापूर झाला. अगरबत्ती नाकाशी धरली तरी अण्णा विचारायचे, पेटलीय का. हे आम्ही घराबाहेर कुणाला कळू दिलं नाही. आचाऱ्याचं नाक गेलं म्हटल्यावर राहतं काय?

तेव्हापासून अण्णांचं नाक म्हणजे ज्योती. ज्योती माझ्या भावाची बायको, माहेर सोयगावचं. कांदे चिरायला, पुऱ्या लाटायला ती आधीही बरोबर जायची. आता ती पदर सावरत आमटीच्या मोठ्या भगुण्याजवळ, म्हणजे पातेल्याजवळ जायची, वाफ घ्यायची आणि अण्णांच्या कानाशी हळूच म्हणायची, "मामा, मीठ कमी हाय. हिंग बी फोडणीत बसला नाय." मग अण्णा मोठ्यानं हुकूम सोडायचे. लोक बोटं चाटत म्हणायचे, अण्णांच्या हाताची चव ती अण्णांच्याच हाताची. ज्योती ऐकायची आणि पुढचं पान वाढायची.

मला याचा राग यायचा, आता खोटं कशाला बोलू. एकदा तिला म्हटलंही, की मेहनत तुझी आणि नाव दुसऱ्याचं. ती म्हणाली, "ताई, आमटी चांगली झाली नव्हं? मंग झालं."

यंदा हिवाळ्यात कंपनीनं मला बक्षीस म्हणून दोन माणसांची अंदमानची सहल दिली. नवऱ्याला सुटी मिळेना. मी म्हटलं, अण्णांना नेते. आयुष्यात समुद्र पाहिला नाही त्यांनी. अण्णा कसेबसे तयार झाले, तोच गावातल्या एकाच्या मुलीचा साखरपुडा ठरला. नेमका आमच्या सहलीतला दिवस. चारशे पानं.

यजमान घरी आले तेव्हा मी तिथंच होते. म्हणाले, "अण्णा, तुम्ही नाय तर दुसरा आचारी बघावा लागंल. बाईमाणसाच्या भरवशावर चारशे पानं कशी सोडायची?" अण्णा सहल रद्द करायला निघाले. तेव्हा दारात उभी असलेली ज्योती म्हणाली, "मामा, तुम्ही समुद्र बघून या. मी करते." एवढंच.

अण्णा परत खाली बसले. मग यजमानांना म्हणाले, "माझ्या नावावर करंल ती. बिघडलं तर माझं नाव गेलं असं समजा." यजमान गेल्यावर ज्योतीला म्हणाले, "पोरी, चाळीस वर्षं टाकून चाललो बरं तुझ्या हवाली." आम्हा सगळ्यांना कळत होतं, त्या दिवशी काही बिघडलं असतं तर अण्णांचं नाव गेलंच असतं आणि ज्योतीला कुणी पुन्हा भट्टीजवळ उभं राहू दिलं नसतं.

तर आम्ही निघालो. अण्णांनी बॅगेत किलोभर येसूर भरलं होतं, 'तिथं कुणाला दाखवायला'. विमानतळावर कोण समजावत बसेल, म्हणून मी ते काढून घरीच ठेवलं. ही गोष्ट लक्षात असू द्या.

समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा अण्णा धोतर गुडघ्यापर्यंत ओढून पाण्यात शिरले, बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाले, "मीठ जास्त झालं." पुढचे दोन दिवस आम्ही सगळं पाहिलं. सेल्युलर जेल पाहिला, तिथं अण्णा चप्पल हातात घेऊन हिंडले. तळाला काच असलेल्या नावेतून पोवळी पाहिली. पण अण्णांचं खरं प्रेक्षणीय स्थळ म्हणजे खानावळी. जेवायला बसलो की त्यांची चौकशी सुरू.

"कसं लागतंय?"

"छान."

"छान म्हंजे काय? पाणी प्याली तरी छानच म्हणशील तू. ज्योती असती तर नीट सांगितलं असतं."

मग मी रिपोर्ट द्यायला लागले. केळीच्या पानात भाजलेला मासा — तिखट मध्यम, वरून धुराचा वास, लिंबू जरा जास्त. नारळाच्या रसातली कोलंबी — गोडूस, कढीपत्ता ताजा. एका बंगाली खानावळीतल्या रश्श्यानं माझ्या नाकात झणका गेला, तसं मी सांगितलं. अण्णा उठून थेट आत गेले. आमच्याकडच्या हिंदीत विचारू लागले, "क्या भाई, राई कच्ची पीस के डाले क्या?" आचारी खूश. दोघं अर्धा तास बोलत होते. बाहेर येऊन अण्णा म्हणाले, "बघ, सांगता येतं तुला. जरा नाकानं जेवत जा." मासा खाताना त्यांचा चेहरा कोराच होता. मऊ आहे, खारट-आंबट आहे, यापलीकडे त्यांना काही कळत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

साखरपुड्याच्या दिवशी आम्ही हॅवलॉक बेटावरून नील बेटावर चाललो होतो. सकाळची बोट, तासभराचा प्रवास. बेट मागे पडलं तसं फोनचं नेटवर्क गेलं. चारी बाजूंनी निळं पाणी आणि तोंडावर वारा. आम्ही वरच्या उघड्या डेकवर होतो. बोटीवर स्वयंपाकघर नव्हतं, खाली चहाचं मशीन आणि बिस्किटं, बस. अण्णा कठड्याला धरून उभे होते. मी म्हटलं, इकडे बघा, फोटो काढते.

त्यांनी बघितलं नाही. मान वर झाली, नाकपुड्या फुगल्या. मी बटण दाबलं तेव्हा ते वाऱ्यात ओंजळ धरून काहीतरी नाकाकडे ओढत होते. तो फोटो माझ्याकडे आहे. वेळ दहा वाजून चाळीस मिनिटं.

"करपतंय," अण्णा म्हणाले.

मी आजूबाजूला वास घेतला. डिझेलचा येत होता. म्हटलं, अण्णा, तुम्हाला वास येतोय? चार वर्षांत पहिल्यांदा ते कुठल्या वासाबद्दल बोलत होते.

"येसूर करपतंय. सुकं टाकलंय कुणीतरी. तिसऱ्या भगुण्यात. ज्योतीला फोन लाव."

लावला. लागणार कुठून? दहा वेळा लावला. अण्णांचा हात ढवळल्यासारखा हलत होता, मग एकदम थांबला. स्वतःशीच बोलत होते, "ढवळू नको गं माय. ढवळलं की सगळ्यात उतरंल. वरची वरची काढून घे. विड्याची पानं टाक, करपट वास ओढतील." शेजारच्या बाकावरचं नवविवाहित जोडपं आमच्याकडे बघायला लागलं. मी अण्णांना धरून बसवलं. मला वाटलं ऊन लागलं, नाहीतर काळजीनं डोकं फिरलं.

पंधराएक मिनिटं गेली असतील. अण्णा म्हणाले, "गेला वास." मग कपाळाला आठ्या घालून परत ओंजळ नाकाशी नेली. "मातीचा येतोय आता. ओल्या मातीचा." माझ्याकडे वळून विचारलं, "माती कामून येईल गं?"

सगळीकडे समुद्र होता.

नीलच्या धक्क्याला लागलो तेव्हा साडेअकरा होत आले होते. फोनवर एक दांडी दिसली. मी नंबर लावायला गेले तर अण्णांनीच हात धरला. "नको. पंगतीची वेळ झाली. वाढताना आचाऱ्याला फोन नाय करायचा. जे व्हायचं ते झालं असंल." ओहोटीला उघडा पडणारा तिथला दगडी पूल पाहून आलो. लोक कमानीखाली फोटो काढत होते, अण्णा एका खडकावर पाठ करून बसले होते.

बाजारात एका मावशींच्या खानावळीत शिरलो. भात, मसूर डाळ, वांग्याची कापं, मोहरीतला मासा. ताट समोर आलं आणि अण्णा हात मांडीवर ठेवून बसून राहिले. अण्णांचा दुसरा नेम मी विसरले होते — शेवटची पंगत उठल्याशिवाय आचारी जेवत नाही. मी म्हटलं, अण्णा, पंगत करमाडला आहे. म्हणाले, "माझ्याच नावावर हाय ना?" मीही मग जेवले नाही. डाळीवर साय धरली. मावशी दोनदा येऊन विचारून गेल्या, अच्छा नहीं लगा क्या.

पावणेतीनला फोन वाजला. ज्योती. मी स्पीकरवर टाकला.

"मामा, पंगत उठली. जेवा आता तुम्ही."

अण्णांनी डोळे मिटले. मग विचारलं, "तिसरं भगुणं लागलं व्हतं का?"

ज्योतीनं उलट विचारलं,

"तुम्हाला कुणी सांगितलं मामा?"

"सुकं येसूर कुणी टाकलं?"

"यजमानांनी." ती हळू बोलायला लागली, शेजारी माणसं असावीत. "चार भगुणी व्हती. मी बुंदीकडं गेले. पाहुणे वाढले म्हणून त्यांनी तिसऱ्यात दोन बादल्या पाणी ओतलं अन् पातळ झालं म्हणून वरून येसुराचा डबा उलटा केला. मला तिकडं वास आला. पळत आले तर बुड धरलेलं."

"मंग विड्याची पानं टाकली?"

"नाय मामा. ओतून दिली."

अण्णा फोनवर वाकले. "सगळी?"

"सगळी. मागच्या वावरात खड्डा घेतला, ओतली, वरून माती लोटली. अन्न टाकलं म्हणून हात जोडले. यजमान लई बोलले मला, चार माणसांत बोलले. मी म्हनलं, पंगत अर्धा तास उशिरा बसंल, पण करपलेली आमटी अण्णांच्या नावावर वाढणार नाय मी. ह्यांना घरून येसूर आणायला लावलं अन् नवी केली. कुणाचं पान रिकामं नाय राहिलं मामा. दोन-दोनदा मागून घेतली."

ह्यांना म्हणजे माझ्या भावाला. गावी परतल्यावर मी त्याचा फोन मागून घेतला. ज्योतीचा येसूर आणायला सांगणारा कॉल दहा वाजून एकेचाळीस मिनिटांचा आहे.

पण फोनवर ऐकताना मला वेळबिळ काही सुचत नव्हतं. डोळ्यांपुढे तो खड्डा होता. अंगावर काटा आला तो आला, पण त्याहून जास्त छाती भरून आली. चौदा वर्षं मी खराब माल बाजूला काढते. पण माझ्या मागे कंपनी आहे, कागद आहे, शिक्का आहे. आणि वरून साहेब ओरडले की मीही दोनदा विचार करते. ही बाई चारशे माणसांच्या भुकेपुढे एकटी उभी राहिली, पहिल्याच दिवशी, आणि म्हणाली, हे जाणार नाही. मी त्या खानावळीत ढसाढसा रडले. मावशींनी घाबरून पाणी आणलं.

अण्णा फोनकडे बघत होते. म्हणाले, "ज्योती, ऐक. चाळीस वर्षांत माझ्या हातनं लई भगुणी लागली. एकबी ओतलं नाय मी. पानं टाकली, तुपाचा धूर दिला अन् वाढली. लोकं चांगली म्हणूनच जेवली. पण ओतायची छाती माझी कधी झाली नाय." थोडं थांबून म्हणाले, "तू जेवलीस का?"

"तुम्ही जेवल्यावर."

"नाय. आज तू आधी."

तिकडे ताट वाढल्याचा आवाज येईपर्यंत त्यांनी फोन ठेवू दिला नाही. मग गार झालेला भात कालवला, डाळ ओतली आणि सगळं ताट स्वच्छ केलं. मला वाटलं, नाक परत आलं. मोहरीतल्या माशाचा तुकडा पुढे केला, विचारलं, येतोय वास? त्यांनी मान हलवली. काही नाही. तेव्हाही नाही आणि आजपर्यंत नाही.

आता तुम्ही म्हणाल तेच मीही स्वतःला म्हणून पाहिलं. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वास गेलेल्यांना कधी कधी नसलेला करपट वास येतो, त्यात नवल नाही. मानलं. अण्णांना दिवसभर तीच काळजी होती, म्हणून येसूरच करपल्यासारखं वाटलं. तेही मानलं. बॅगेत येसूर नव्हतं, ते मी वर सांगितलंच. तिसरं भगुणं हा योगायोग समजू, चारातलं एक. पण माती? करपलेलं वाचवायचं कसं एवढंच अण्णांना ठाऊक होतं. ओतून द्यायचं त्यांच्या मनातही येणं शक्य नव्हतं, तेच तर ते बोलले. मग त्यांच्या नाकात ओली माती आली कुठून? मी माझ्या कामात असा पार्ट पाहिला असता तर 'कारण अज्ञात' लिहून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवला असता. हेही तिथंच ठेवलंय.

अण्णांना मी विचारलं होतं, परतीच्या विमानात. ते खिडकीतून ढग बघत म्हणाले, "मला काय ठाऊक. चार वर्षांपासून माझं नाक तिच्याकडंच हाय. तिला आला असंल, मला पोचला." आणि झोपून गेले. हे काही स्पष्टीकरण नव्हे, मला कळतं. त्यांनी सांगितलं ते लिहिलं.

मागच्या महिन्यात मी करमाडला होते. दुपारची वेळ. शेजारच्या गावचे दोन पाहुणे लग्नाची तारीख घेऊन आले. अण्णा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. पाहुण्यांनी रामराम केला, म्हणाले, "अण्णा, आचारी म्हणून तुम्हीच पाहिजेत. साखरपुड्याची आमटी ऐकून आलोय."

अण्णांनी टरफलं बाजूला सारून त्यांना बसायला जागा केली.

"माझं नाक गेलंय चार वर्षं झाली," ते म्हणाले. बाहेरच्या माणसापुढे पहिल्यांदा. "आचारी आत हायत. थांबा, बोलावतो."

आणि आत तोंड करून त्यांनी हाक मारली. एरवी ते तिला 'अगं ज्योती' म्हणतात. त्या दिवशी म्हणाले, "ज्योतीबाई, बाहेर या जरा. पाहुणे आलेत तुमच्याकडं."